ठाण्याच्या घरासाठी राउटर: इथून न्यावा की तिथेच घ्यावा?

प्रेषक: मूळची नौपाड्याची

मंडळी, नमस्कार.

दिवाळीच्या फराळाच्या यादीची चर्चा चालू असताना मध्येच घुसतेय, माफ करा. आई-बाबा गेल्या वर्षी नौपाड्यातलं घर सोडून घोडबंदर रोडला सोळाव्या मजल्यावर राहायला गेले. नौपाड्यात एक साधा राउटर अख्ख्या घराला पुरायचा. नव्या घरात २०० एमबीपीएसचा प्लॅन आहे, हॉलमध्ये फोनवर व्यवस्थित स्पीड येतो, आणि बेडरूममधून व्हिडिओ कॉल लावला की बाबा तोंड उघडं ठेवून गोठतात. पाच मिनिटांनी आईच हॉलमधून फोन करते. नेट कंपनीच्या माणसाने राउटरचा डबा बदलून दिला, फरक शून्य. डिसेंबरात जातेय. इथून, अमेरिकेतून, एखादा दणकट राउटर नेऊ का? कोणता?

प्रेषक: वाशीकर, सध्या एडिसन

ताई, डोळे झाकून नव्या वाय-फाय ७चा ट्राय-बँड (तीन लहरीपट्ट्यांवर चालणारा) राउटर घे. माझा पहिल्या मजल्यावर आहे, खाली बेसमेंटमध्येसुद्धा मस्त चालतो. थँक्सगिव्हिंगच्या सेलपर्यंत फक्त थांब.

प्रेषक: नेरुळचा, आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दोन महिने इथेच

वाशीकर, तुझ्या बेसमेंटमध्ये चालतो कारण तुझं घर लाकडाचं आणि ड्रायवॉलचं आहे. बुक्की मारली तर हात पलीकडे जाईल.

ताई, तुमच्या नव्या टॉवरचं बांधकाम मायवानचं आहे का ते आधी बाबांना विचार. घोडबंदरला आणि खारघरला तसे पुष्कळ आहेत. ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकदमच ओततात, त्यामुळे घरातल्या आतल्या भिंतीसुद्धा सळ्या घातलेलं काँक्रीट. नौपाड्याला खांब-तुळया काँक्रीटच्या आणि मधली भिंत विटांची होती. आईला कॅलेंडरच्या खिळ्यासाठी ड्रिलवाला बोलवावा लागत असेल तर समज, वाय-फायलाही तीच भिंत आडवी येते. वाय-फायच्या लहरींपैकी २.४ गिगाहर्ट्झ रडतखडत पलीकडे जातं, ५ त्याहून कमी, आणि वाय-फाय ७वाले ज्या ६ गिगाहर्ट्झचं कौतुक सांगतात ते तर आणखी लवकर दमतं. शिवाय राउटर कितीही जोरात ओरडला तरी फोनला उत्तर द्यायचं असतं, आणि फोनचा आवाज बारीक. म्हणून बेडरूममध्ये कांड्या पूर्ण दिसतात आणि कॉल मात्र अडकतो.

तेव्हा दणकट एक नको, साधे दोन हवेत. दुसरा बेडरूममध्ये, आणि दोघांच्या मध्ये वायर. वायरशिवायचं मेश (एकाच नावाचं वाय-फाय देणारे दोन-तीन डबे) घेतलंस तर दोन डबे एकमेकांशी बोलणार त्याच भिंतीतून. दोन बँडवाल्या मेशमध्ये तर येणारं-जाणारं सगळं एकाच रस्त्याने, स्पीड निम्म्यावर येतो.

वायर कुठून, असं विचारशील. बहिणीच्या खारघरच्या फ्लॅटमध्ये मागच्या आठवड्यात हेच केलं. बिल्डरने हॉलपासून बेडरूमपर्यंत टीव्हीच्या केबलसाठी पाइप टाकून ठेवला होता, केबल पडून होती, वापरत कुणी नव्हतं. तिच्या शेपटाला कॅट-सिक्स (नेटची वायर) बांधली, चिकटपट्टी गुंडाळली, मी हॉलमधून ढकलतोय आणि इलेक्ट्रिशियन बेडरूममधून ओढतोय. पॅसेजच्या वळणावर अडकली. तो म्हणाला, "पावडर आहे का घरात?" भाचीची टाल्कम पावडर अर्धा डबा पाइपात गेली, मग सरसर आली. बहीण आजही पॅसेज झाडताना माझं नाव काढते.

आणि एवढं करून स्पीड ९४. पुन्हा बघितलं, ९४. प्लॅन ३००चा. तास गेला तेव्हा कळलं की इलेक्ट्रिशियन पठ्ठ्याने कनेक्टरमध्ये आठपैकी चारच तारा दाबल्या होत्या. चार तारांवर १०० एमबीपीएस चालतं, गिगाबिटला (१००० एमबीपीएसला) आठही तारा, म्हणजे चारही जोड्या लागतात. ९४-९५वर काटा अडकला की राउटरला शिव्या देण्याआधी टोक बघा.

तोच आकडा स्वस्त डब्यांमुळेही येतो. टीपी-लिंकचे आर्चर सी ५० आणि आर्चर सी ६ दोन्ही "एसी १२००" म्हणून विकले जातात. (हे १२०० म्हणजे ३०० आणि ८६७ची बेरीज करून वर गोल केलेली. एका फोनला ते कधीच मिळत नाही.) पण सी ५०चे पोर्ट (वायर लावायची तोंडं) १००चे, सी ६चे गिगाबिट. मेशमध्ये डेको ई ४ आणि एम ४चं तेच: ई ४ला १००, एम ४ला गिगाबिट. खोक्याच्या पुढच्या बाजूचा मोठा आकडा सोड, मागचं बारीक वाच.

माझी पसंती विचारशील तर वाय-फाय ६चा, गिगाबिट पोर्टवाला दोन नगांचा मेश. टीपी-लिंकचा डेको एक्स २० किंवा असूसचे दोन राउटर एआय-मेशने जोडून. असूसमध्ये सेटिंगं भरपूर, मला मजा येते. पण बाबांना फोनवरून "आता डावीकडच्या मेनूत जा" सांगायचं असेल तर डेकोच बरा. कंपनीचा डबा ब्रिज मोडमध्ये (तो नेट नुसतं पुढे देईल, राउटरचं काम आपला डबा करेल) टाकून मागायचा. नाही म्हणाले तर नवा मेश ॲक्सेस पॉइंट म्हणून (नुसतं वाय-फाय पसरवायला) चालवायचा, तेवढ्यासाठी भांडत बसू नये. मात्र कंपनीच्या डब्यातलं वाय-फाय बंद कर, नाहीतर फोन जुन्या ओळखीने त्यालाच चिकटून राहतो.

तिथून काहीही आणू नकोस. मी २०१८ला मॉडेम आणि राउटर एकत्र असलेला, चांगला महागातला, बॅगेत कपड्यांत गुंडाळून आणला होता. मागे टीव्हीसारखं गोल केबलचं तोंड. नेरुळला घरात आला फायबर. दारात उभ्या कंपनीच्या पोराने तो उलटापालटा करून बघितला आणि विचारलं, "काका, हा सेटटॉप बॉक्स आहे का?" साधा राउटर आणलास तरी वॉरंटी तिकडची, आणि चॅनल तिकडच्या नियमांचे.

प्रेषक: कळवा ते क्रॅनबरी

सगळ्यांनी छान लिहिलं, पण लाइट गेल्यावर काय? १२ ऑक्टोबर २०२० आठवा. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम अंधारात, आणि सगळे घरून काम करणारे. तेव्हापासून माझ्या भावाकडे १२ व्होल्टचा मिनी यूपीएस (राउटरपुरती छोटी बॅटरी) आहे.

यात एक गंमत आहे. जीपॉन फायबर (थेट घरापर्यंत काचेची तार) असेल तर कंपनीच्या यंत्रापासून घरापर्यंत मध्ये नुसता प्रकाश वाटून देणारा काचेचा स्प्लिटर असतो, त्याला वीज लागत नाही. म्हणून घरातल्या दोन डब्यांना बॅटरी दिली की लाइट नसतानाही नेट चालू. पण बिल्डिंगच्या जिन्यात स्विच ठेवून तिथून निळी वायर घरात आणली असेल, तर तो स्विच बंद पडला की तुमचा यूपीएस शोभेचा. घरात येणारी वायर पिवळी आणि बारीक (म्हणजे फायबर) आहे की जाड निळी, बाबांना एवढंच विचार. घेताना ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर यूपीएसशी जुळवायचे. फायबरच्या डब्यालाही द्यायचा, लोक राउटरला देतात आणि तो विसरतात. आणि बेडरूममधल्या दुसऱ्या नगाला वेगळा, बरं का.

प्रेषक: मूळची नौपाड्याची

मंडळी, ठाण्याहून लिहितेय.

मायवानच निघालं. बाबांनी वायरचा फोटो पाठवला होता, पिवळी. स्टेशनजवळच्या दुकानातून डेकोची जोडी घेतली. दुकानदार आठ अँटेनांचा काळा कोळी गळ्यात मारत होता, मी खोकं उलटं करून पोर्ट वाचायला लागल्यावर गप्प झाला. टीव्हीचा पाइप आमच्याकडेही होता, पण बेडरूमच्या टोकाला पीओपीवाल्याने तो बुजवून टाकलेला. शेवटी वायर इंटरकॉमच्या पाइपातून काढली. आठही तारा दाबायला लावल्या, बाबा शेजारी चष्मा लावून मोजत उभे होते. तरी पहिल्यांदा ९४च आला! एक तार अर्धीच आत गेली होती. दुसऱ्यांदा बेडरूममध्ये १९०च्या आसपास.

मुख्य डबा आईने चपलांच्या कपाटात ठेवला होता, "दिसायला बरं नाही" म्हणून. तो टीव्हीच्या वर आणला. त्यावर क्रोशाचा रुमाल घालायचा नाही, यावर अजून बोलणी चालू आहेत.

नौपाड्याचा जुना सी ५० शिल्लक आहे, आई टाकू देत नाहीये. चालू स्थितीत आहे, पोर्ट १००चे, आधीच सांगते. कुणाच्या घरी ठाणे, मुलुंड, ऐरोलीकडे हवा असेल तर रविवारपर्यंत कळवा, सोमवारी माझी फ्लाइट आहे.