जुनी करिझ्मा ठेवावी की एक्सएमआर घ्यावी?
जुन्या करिझ्मा मोटारसायकलला सुमारे १७ अश्वशक्ती आणि नव्या करिझ्मा एक्सएमआर २१० ला २५ च्या वर, मग नवी घेण्यात विचार कसला करायचा, असे काही जण म्हणतात; हा मुद्दा मला अपुरा वाटतो. जुन्या २२३ सीसी इंजिनाचा कमाल टॉर्क (चाक फिरवणारा जोर) ६,००० आरपीएमला (मिनिटाला इंजिनाचे फेरे) मिळतो, तर नवे इंजिन त्यासाठी ७,२५० पर्यंत न्यावे लागते. घाटात गिअर न उतरवता चढणारी गाडी ज्यांना प्रिय आहे, त्यांना हा फरक पहिल्याच वळणावर जाणवेल.

मात्र या तुलनेत पेट्रोलचा विचार कोणी केलेला दिसत नाही. आता पंपावर बहुतेक ठिकाणी २० टक्के इथेनॉल असलेलेच पेट्रोल मिळते. इथेनॉलमधील ऑक्सिजनमुळे हवा-इंधनाचे मिश्रण विरळ होते, म्हणजे त्यात इंधन कमी पडते. फ्युएल इंजेक्शनची नवी गाडी सेन्सरच्या आधारे ते सावरून घेते, जुन्या करिझ्मातील कार्ब्युरेटरला (हवा आणि पेट्रोल मिसळणारा साधा भाग) ते जमत नाही. माझ्या करिझ्मात मेन जेट (कार्ब्युरेटरमधील पेट्रोल सोडणारे छिद्र) थोडा मोठा बसवून, इंधनाची नळी आणि कार्ब्युरेटरमधील रबरी ओ-रिंगा बदलल्यावर इंजिनाचे अडखळणे थांबले. हा खर्च नव्या गाडीच्या तुलनेत नगण्य आहे. परंतु गाडी महिनोन्महिने उभीच राहणार असेल, तर इथेनॉल ओलावा शोषून टाकी आतून गंजवू शकते, आणि अशा वेळी ती गाडी नियमित चालवणाऱ्या माणसाकडे सोपवणे मला अधिक योग्य वाटते.