अनुभव धागा: साभार परत आल्यावर तुम्ही काय केलंत?

पुस्तक निघालं की गावात हार मिळतो आणि लोक म्हणतात, "याच्या बोटातच होतं." मला ते ऐकवत नाही. 2019 ला यवतमाळला आणि 2023 ला वर्ध्याला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. दोन्ही वेळी मांडवाबाहेर चहा पिताना खेड्यापाड्यांतून एसटीनं आलेली लिहिणारी माणसं भेटली, आणि प्रत्येकाकडे परत आलेल्या पाकिटाची एक गोष्ट होती. त्या गोष्टी एका जागी याव्यात म्हणून हा धागा. किती वर्षं लागली ते सांगाच, पण त्या वर्षांत नेमकं काय केलंत ते आधी सांगा.

सुरुवात मी करतो. नऊ वर्षं दिवाळी अंकांना कथा पाठवल्या. सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट असायचं, तेच परत यायचं. सातव्या वर्षी एका संपादकांनी कथेच्या मागे लिहिलं, "तुमच्या घरी असं बोलतात का?" कथेत आई म्हणत होती, "पाऊस येण्याची चिन्हे दिसत नाहीत." आमची माय असं जन्मात बोलली नाही. ती म्हणते, "आभाय तं कोरडंच हाय बाप्पा." सगळ्या कथा पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहिल्या. दोन वर्षं गेली. शाळेनं अंगात मुरवलेली भाषा काढायला एवढा वेळ लागतोच.

कास्तकार, अकोला जिल्हा
हरभऱ्याच्या पाण्याले लाईट रातचीच राहाते. स्पिंकलर एका जागी लावला का मंग दोन-तीन घंटे धुऱ्यावर बसूनच राहा लागते. थंडीनं बोटं वाकत नाहीत, म्हणून मी कथा मोबाईलात बोलून ठेवतो. सकाळी आयकलं का मागून पाण्याचा टिकटिक आवाज येते. त्यातलं अर्धं कामाचं नसते. जे उरते ते वहीत उतरवतो. तीन हिवाळे असे गेले, तवा पयली कथा छापून आली.

वडसा, गडचिरोली जिल्हा
झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, नाटक लिहितो. दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावची जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, यांच्या निमित्तानं गावोगाव प्रयोग लागतात, ते होळीपर्यंत. त्यामुळे आमचं लिखाण पावसाळ्यात, धानाची रोवणी आटोपली की. माझी पहिली तीन नाटकं वाचून परत आली. मग एक सीझन प्रॉम्प्टरच्या बाजूला बसलो, रात्री दहापासून पहाटेपर्यंत. तिथून नट दिसतो आणि पुढच्या बायाही दिसतात. दुसऱ्या अंकात बाप लेकीला समजावतो असा एक लांब संवाद होता, मी लिहायचो तसाच. चौथ्या वाक्यापर्यंत बायांचा पदर डोळ्याला असायचा. आठव्या वाक्याला त्या लेकरांच्या अंगावर पांघरूण घालू लागायच्या. मी वहीत तिथं पेन्सिलनं रेघ मारायचो. गाव बदललं तरी रेघ तिथंच. चौथ्या नाटकात एकही संवाद पाच वाक्यांपुढे जाऊ दिला नाही, आणि ते नाटक लागलं. 2023 मध्ये आमच्या झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा इकडे घरचं कार्य असल्यासारखं वाटलं. मला त्या दिवशी माझा प्रॉम्प्टर आठवला. नाटक लिहायला मला त्यानं शिकवलं.

अंगणवाडी सेविका, दारव्हा तालुका
वरच्या दादांची पेन्सिलीची रेघ वाचून लिहिते आहे. माझी रेघ म्हणजे सासूबाई. त्या तूर निवडत बसल्या की मी कविता वाचते. हात थांबला तर ओळ राहते, सूप पाखडायला घेतलं तर ओळ जाते. त्यांना अक्षरओळख नाही, तरी माझ्या कवितेतला खोटेपणा त्यांच्याइतका लवकर कुणी पकडला नाही.

पहिल्या संग्रहाला एका प्रकाशकानं पैसे घेतले, तीनशे प्रती ठरल्या होत्या, हातात शंभर आल्या. ते पैसे बचत गटातून उचललेले होते, दीड वर्ष फेडले. ताईंनो, आधी चौकशी करा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे. पहिल्या पुस्तकालाच आहे, म्हणून माझी ती संधी गेली. तुमची जाऊ देऊ नका. दुसरा संग्रह पाच वेळा उतरवून काढला. तो प्रकाशकानं स्वतःच्या खर्चानं काढला.

ग्रंथपाल, अमरावती जिल्हा
आमचं 'ड' वर्गाचं ग्रंथालय, एक खोली, चार कपाटं. मी आधी ती चारही वाचली. लिहायला त्यानंतर बसलो.

विद्यार्थिनी, धारणी
माझं पुस्तक नाही. चार कथा परत आल्या, पाचवी काल पोस्टात टाकली. मी इथं लिहिलं तर चालेल का?

चालेल, ताई. परत आलेल्या चारपैकी तुला सगळ्यात जवळची कोणती? तिचा पहिला परिच्छेद इथं टाक. आम्ही सगळे वाचतो.