एका आकड्यात मावतो का समुद्री जिवांचा धोका?

खारावारा (धागाकर्ता)

समुद्रात काही उभारायचं, खणायचं किंवा बंद करायचं म्हटलं की अहवालात एक तक्ता येतोच. डावीकडे पक्ष्या-प्राण्यांची नावं, वर निकष, चौकटींत १ ते ५ गुण आणि सगळ्यात उजवीकडे ठळक अक्षरात एकच आकडा: हा जीव किती असुरक्षित. डोकं खपवून भरलेल्या मधल्या चौकटी कुणी वाचत नाही. उजवीकडचा स्तंभ सगळे वाचतात आणि निर्णय त्यावरच होतात.

माझं म्हणणं, तो स्तंभ खोडून टाका.

का, ते सांगतो. २००४ साली गार्थे आणि ह्यूपॉप या संशोधकांनी उत्तर समुद्रातल्या २६ पक्ष्यांसाठी पवनचक्क्यांच्या धोक्याचा निर्देशांक काढला. नऊ निकष. चार उडण्याचे: चपळाई, उंची, किती वेळ हवेत, रात्री उडतो का. दोन वागण्याचे: जहाज-हेलिकॉप्टरला किती बिचकतो, ठरावीक जागेलाच किती चिकटून राहतो. तीन संख्येचे: एकूण किती आहेत, प्रौढ पक्षी किती तगतात, संवर्धनाची स्थिती काय. प्रत्येक गटाची सरासरी काढायची आणि तिन्ही सरासऱ्यांचा गुणाकार. सर्वांत वर लून पक्ष्यांच्या दोन जाती आल्या. तळाच्या तिघांत किटिवेक नावाचा छोटा कुरव.

आता गंमत बघा. लून पवनचक्क्यांपासून कित्येक किलोमीटर लांब राहतो. तो पात्यांना धडकून मरत नाही, त्याची मासे धरायची जागा जाते. कुरवांचं उलटं, त्यातले बरेच पात्यांच्या उंचीवर बिनधास्त हिंडतात. एकाला धडक, दुसऱ्याला हकालपट्टी, आणि आपण दोन्हींचा गुणाकार करून एक आकडा काढतो! २०१३ मध्ये फर्नेस आणि सहकाऱ्यांनी स्कॉटलंडच्या पाण्यासाठी हे दोन धोके वेगळे मोजले, तेव्हा धडकेच्या यादीत मोठे कुरव आणि गॅनेट नावाचे समुद्रपक्षी वर गेले, हुसकावण्याच्या यादीत लून.

आणि तळाचा किटिवेक? २०१७ साली तो धोक्यातल्या जिवांच्या जागतिक लाल यादीत 'असुरक्षित' गटात गेला. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या हॉर्नसी थ्री पवनऊर्जा प्रकल्पाला मंजुरी मिळाली, ती किटिवेकसाठी कृत्रिम घरट्यांच्या जागा बांधण्याच्या अटीवर.

२००४ चं काम वाईट होतं असं अजिबात नाही. वाट त्यांनीच पाडली. नंतरच्यांनी त्या वाटेवर डोळे मिटून चालायचं ठरवलं, त्याला इलाज नाही.

---

दीपस्तंभ

असहमत, आणि बऱ्यापैकी जोरात.

निर्णय घेणाऱ्यासमोर चाळीस प्रजाती, बारा उद्योग आणि आठ आठवडे असतात. त्याला तुम्ही चारशेऐंशी चौकटी देणार आणि म्हणणार, बघा बुवा तुम्हीच. तो काय करेल? ज्याचा वकील चांगला त्याचं ऐकेल. उजवीकडचा स्तंभ ओबडधोबड असेल, पण तो सगळ्यांसाठी सारखा ओबडधोबड आहे.

शिवाय आकड्यांनी जीव वाचतात हो. उत्तर अटलांटिक राइट व्हेल घ्या. आज चारशेसुद्धा नाहीत. धडकांच्या नोंदींवरून २००७ मध्ये हिशेब मांडला गेला: जहाजाचा वेग १५ नॉट (म्हणजे ताशी १५ सागरी मैल) असेल तर धडक जीवघेणी ठरण्याची शक्यता साधारण ८० टक्के, ८.६ नॉट असेल तर साधारण २०. पुढच्याच वर्षी अमेरिकेने ठरावीक भागांत, ठरावीक हंगामात ६५ फूट आणि त्याहून मोठ्या जहाजांना १० नॉटची मर्यादा घातली. आकडा होता म्हणून नियम झाला.

---

खारावारा

दीपस्तंभ, तुम्ही माझीच बाजू मांडलीत. तो असुरक्षिततेचा गुणांक नाहीच. एक जीव, एक उद्योग आणि 'इतका वेग तर इतकं नुकसान' असा सरळ हिशेब आहे. त्यातून काय करायचं ते लगेच कळतं: वेग कमी करा. 'राइट व्हेल: ४.७' असं लिहिलं असतं तर कप्तानाने काय करायचं होतं?

---

नांगर

आयुष्य जहाजांवर आणि मासेमारीच्या धंद्यात गेलं, म्हणून दोन शब्द. ही तक्तेवाली मंडळी किनाऱ्यावर बसून उंटावरून शेळ्या हाकतात.

मासेमारीचा धोका मोजायची एक लोकप्रिय पद्धत आहे. प्रजाती किती वेगाने वाढते, आणि जाळ्यात सापडण्याची शक्यता किती. दोन बाजूंना गुण देऊन आलेख काढतात. त्यात एखाद्या निकषाची माहितीच नसेल तर तिथे आपोआप सर्वांत जास्त धोक्याचा गुण! म्हणजे संशोधन तुम्ही करायचं नाही आणि जाळी आम्ही गुंडाळायची.

उपाय तक्त्यातून येत नाहीत, डेकवरून येतात. लाँगलाइनवर, म्हणजे गळ लावलेल्या लांबच लांब दोरीवर, अल्बाट्रॉस हा मोठा समुद्रपक्षी कसा मरतो माहीत आहे का? बोटीच्या मागून गळ सोडताना आमिष थोडा वेळ पाण्यावर तरंगतं. पक्षी ते गिळतो आणि दोरीबरोबर खाली ओढला जातो. बस, एवढाच वेळ धोक्याचा असतो. दोरीला वजन लावा, म्हणजे आमिष पटकन बुडतं. मागे फडफडणाऱ्या पट्ट्यांची दोरी लावा, म्हणजे पक्षी जवळ येत नाही. गळ रात्री सोडा. दक्षिण अटलांटिकमधल्या दक्षिण जॉर्जिया बेटाच्या आसपास टूथफिश माशाच्या मासेमारीत वर्षाला हजारोंनी मरणारे पक्षी या असल्या उपायांनी आणि हंगाम बदलून जवळजवळ शून्यावर आले. कुणाच्या गुणाकाराने नाही.

---

दुर्बीणवाली

नांगरकाका, डेकवर आम्हीही असतो हं. थंडीत, आठ-आठ तास.

पक्षी मोजायची पद्धत सांगते, म्हणजे तक्त्यातला आकडा कुठून येतो ते कळेल. जहाजाच्या एका बाजूला ३०० मीटरचा पट्टा धरायचा आणि त्यात पाण्यावर बसलेले पक्षी अंतरानुसार नोंदवायचे. कुरव सोपे, ते आपणहून जहाजामागे येतात. इतके की तेच तेच पुन्हा मोजले जायची भीती. लून मात्र जहाज लांब असतानाच उठतो. तुम्ही फक्त पट्ट्यात बघत बसलात तर तुमच्या वहीत लून नाहीच. म्हणून एकाने सतत दुर्बिणीतून पुढे बघत राहायचं. तो क्षणभर वही पुसायला खाली वाकला की गेला लून. म्हणजे जो पक्षी माणसाला सर्वांत जास्त बिचकतो तोच मोजणीत सर्वांत कमी सापडतो, आणि मग कुणीतरी म्हणतं, 'या भागात विशेष नाहीत.'

एकदा असा तक्ता भरायच्या बैठकीलाही मी होते. एका पक्ष्याच्या 'जागा बदलण्याची लवचिकता' या रकान्यापाशी सगळे गप्प. कुणालाच माहीत नव्हतं. घड्याळ बघत एक वरिष्ठ म्हणाले, '३ लिहा, मधला आहे.' लिहिला. पुढे तो ३ तीन अहवालांत 'तज्ज्ञांच्या मते' म्हणून उद्धृत झालेला मी माझ्या डोळ्यांनी वाचला आहे.

तरीही मी तक्त्याच्या बाजूने आहे. आधी नुसतं 'पक्ष्यांवर विशेष परिणाम नाही' एवढं एक वाक्य असायचं. निदान आता ३ कुणी आणि का लिहिला हे विचारता येतं.

---

आकडेमोडे

सगळे भावनेवर चाललेत, थोडं गणित करू.

क पक्षी: उडण्याचा धोका ४, बिचकणं १, संख्येची नाजूक स्थिती ३. गुणाकार १२.
ख पक्षी: उडण्याचा धोका १, बिचकणं ४, स्थिती ३. गुणाकार १२.

तक्त्यात दोघे शेजारी-शेजारी. आता उपाय सुचवा. थव्यांच्या प्रवासाच्या रात्री पाती थांबवली तर क वाचतो, ख ला काडीचा फरक पडत नाही, त्याची जागा गेली ती गेलीच. प्रकल्प दहा किलोमीटर सरकवला तर ख ला उपयोग, क कदाचित तिथेही धडकेल. सगळे घोडे बारा टक्के, ते असे. (योगायोगाने इथे खरंच बारा आले!)

दुसरं, हे गुण म्हणजे नुसते क्रम आहेत. ४ म्हणजे २ च्या दुप्पट धोका असं कुणीही सिद्ध केलेलं नाही, तरी आपण त्यांच्या सरासऱ्या काढतो.

पण म्हणून स्तंभ खोडायची गरज नाही. जिथे माहिती नाही तिथे एकदा १ घालून क्रमवारी काढा, एकदा ५ घालून. जो पक्षी दोन्ही वेळा पहिल्या पाचात येतो त्याच्याबद्दल वाद नको. जो तिसऱ्यावरून तेविसाव्यावर जातो, त्याच्यासाठी आधी दुर्बीणवाली ताईंना पाठवा.

---

खोलपाणी

नांगर यांच्या 'माहिती नसेल तर जास्त धोका' या तक्रारीबद्दल. अहो, मग काय करायचं? ग्रीनलंड शार्कची मादी वयात यायलाच साधारण दीडशे वर्षं लागतात. तिच्यावर मासेमारीचा परिणाम होतो का हे 'सिद्ध' होईपर्यंत थांबायचं म्हणजे पणतवंडांनाही निकाल कळायचा नाही. १७४१ मध्ये स्टेलरची समुद्रगाय या अवाढव्य सागरी सस्तन प्राण्याची पहिली नोंद झाली आणि १७६८ पर्यंत ती संपली. सत्तावीस वर्षं!

कॅनरी बेटांचं उदाहरण घ्या. नौदलाच्या सरावांनंतर चोचवाले देवमासे झुंडीने किनाऱ्याला लागून मरत होते. सोनारमुळे (पाण्यात आवाज सोडून पाणबुड्या शोधायचं यंत्र) नेमकं काय होतं यावर तेव्हा वाद चालूच होता. स्पेनने २००४ मध्ये तिथे सोनारला बंदी घातली आणि त्यानंतरच्या वर्षांत तशा झुंडी किनाऱ्याला लागल्या नाहीत. पुराव्याची वाट बघत बसले असते तर वरातीमागून घोडे झाले असते.

---

नांगर

बंदी एका ठिकाणी, एका उपकरणावर होती. त्याला माझा विरोध नाही. आमच्यावर येते ती सरसकट येते.

आणि एक विचारतो. समुद्रपक्ष्यांच्या जगभरच्या धोक्यांचा जो मोठा आढावा २०१९ मध्ये आला, त्यात अंडी-पिल्लं खाणारे उंदीर, मांजरं वगैरे उपरे प्राणी सर्वांत वरच्या धोक्यांत आहेत. ते बेटांवर असतात, आमच्या बोटीत नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

---

खोलपाणी

त्याच आढाव्यात मासेमारीत चुकून सापडणं हाही वरच्या तीन धोक्यांत आहे, काका. तेवढं वाचायचं राहिलं वाटतं.

---

दीपस्तंभ

खारावारा, परत तुमच्याकडे येतो. 'एक जीव, एक उद्योग' हे कागदावर छान दिसतं. पण व्हेल एका वेळी एकच संकट झेलत नाही. राइट व्हेल खेकडे-लॉबस्टरच्या सापळ्यांच्या दोरीत अडकते, कधी कधी ती दोरी महिनोन्‌महिने ओढत फिरते, वाळते. वाळलेली मादी पिल्लू देत नाही. त्यात जहाजांचा आवाज. ११ सप्टेंबर २००१ नंतर काही दिवस कॅनडाजवळच्या फंडीच्या उपसागरात जहाजं कमी झाली, तेव्हा पाण्यातला आवाज ६ डेसिबलने उतरला आणि राइट व्हेलच्या विष्ठेत ताणाची संप्रेरकं कमी सापडली. म्हणजे एरवी त्या कायमच तणावात असतात.

आता तुमच्या सुट्या तक्त्यांत जहाजवाला म्हणेल माझा वाटा थोडा, सापळेवाला म्हणेल माझाही थोडाच. प्रत्येक चौकट 'मध्यम' आणि व्हेल मेलेली. ही बेरीज दाखवायला कुठेतरी एक आकडा लागणारच.

---

खारावारा

हा मुद्दा बिनतोड आहे. इथेच घोडं पेंड खातं. सुट्या चौकटींतून साचत जाणारा त्रास कसा दाखवायचा, याचं उत्तर माझ्याकडे नाही. 'स्तंभ खोडा' हे मागे घेतो. स्तंभ शेवटी असू द्या, पण त्याच्या शेजारी कुठला उद्योग कशाने मारतो ते लिहिल्याशिवाय तो छापू नका. आणि आकडेमोडे म्हणतात तसं वरचं-खालचं टोक द्या.

---

दुर्बीणवाली

पुढच्या महिन्यात पुन्हा एक तक्ता भरायचाय. यावेळी माहीत नसेल तिथे ३ लिहिणार नाही. चौकट चक्क रिकामी सोडणार.

---

आकडेमोडे

ताई, जरा जपून. गुणाकारात स्प्रेडशीट रिकाम्या चौकटीला शून्य धरते. तुमचा पक्षी थेट 'धोका नाही'त जाईल.