टीबीच्या गोळ्या चालू आहेत, ताट वेगळं ठेवायचं का?

कांडीवाली_इचल :
माझे मिस्टर (वय ३४) मागावर आहेत, रात्रपाळीला. दिवाळीपासून खोकला होता. सुताची धूळ नाकातोंडात जाते, त्याचाच असेल असं समजून मेडिकलमधून चार बाटल्या आणून झाल्या. मग एकदा बेडक्यात रक्ताची रेघ दिसली, तेव्हा सरकारी दवाखाना गाठला. ट्रूनॅट म्हणून थुंकीची तपासणी असते, त्यात टीबी निघाला. रिफॅम्पिसिन या मुख्य औषधाला दाद देणारा आहे, म्हणजे साधा आहे, असं डॉक्टर म्हणाले. वजन ४६ किलो, रोज ३ गोळ्या. आज ३७ वा दिवस.

सासूबाईंनी पहिल्या दिवशीच त्यांचं ताट-तांब्या वेगळा केला. छातीला वारं लागू नये म्हणून खिडकी बंद. मुलगी ४ वर्षांची आहे, तिला काही त्रास नाही, तरी तिलाही सहा महिने गोळी द्या म्हणाले. सासूबाई म्हणतात, धडधाकट पोरीला औषध कशाला? त्यांचा स्वतःचा मिश्रीचा खोकला रात्रभर चालू असतो, त्याचं काही नाही.

यांना आता बरं वाटतंय. खोकला गेला, भूक लागते. पण गोळ्या घेतल्या की मळमळतं. म्हणतात, हा महिना झाला की बास, मालकाला कळायच्या आत मोकळं होतो. कुणाला अनुभव आहे का?

डबलबेल :
वहिनी, हे मिस्टरांना वाचून दाखवा. मी एसटीत कंडक्टर होतो. २०११ ला टीबी झाला. तेव्हा गोळ्या रोज नसायच्या, आठवड्यातून तीनदा समोर बसवून द्यायचे. दोन महिन्यांत अंग धरलं, डेपोत सगळे म्हणायला लागले, गडी सुधारला. त्यात मुक्कामाची ड्युटी, सकाळी केंद्रावर जाणार कोण? चौथ्या महिन्यात सोडल्या. कुणी सोडायला लावल्या नाहीत, माझी मीच.

दीड वर्षानं खोकला परत आला तो एमडीआर, म्हणजे औषधांना न जुमानणारा टीबी होऊन. आयसोनायझिड आणि रिफॅम्पिसिन, दोन्ही मुख्य औषधं माझ्यापुरती संपली. तेव्हा त्याचा कोर्स दोन वर्षांचा होता. त्यात पहिले सहा-सात महिने कानामायसिनचं इंजेक्शन, रविवार सोडून रोज. एसटीच्या सीटवर बसायची सोय राहिली नाही. चौथ्या महिन्यात कानात रातकिडे ओरडायला लागले. पुढे ते थांबले, तेव्हा वाटलं सुटलो. सुटलो कसला, बारीक आवाजच ऐकू येईनासे झाले. बायको स्वयंपाकघरात नसली की कुकर तसाच शिट्ट्या मारत राहतो आणि मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत असतो. दोनदा डाळ करपली.

आता एमडीआरलाही बहुतेक पोटात घ्यायच्या गोळ्याच असतात, बेडाक्विलीन वगैरे. काहींचं सहा महिन्यांत आटोपतं. माझ्या कानांना त्याचा उपयोग नाही.

माळरान७७ :
लसूण घालून उकळलेलं शेळीचं दूध सुरू करा. आमच्या आजोबांना त्यानंच गुण आला.

डबलबेल :
द्या की. आधी गोळी, वरून दूध.

पायपीट :
मी क्षयरोगाच्या कामात घरभेटी करते. बरं वाटतंय कारण भराभर वाढणारे जंतू पहिल्या काही आठवड्यांत मरतात. मागे राहतात ते सुस्त. त्यांच्यासाठी कोर्स सहा महिन्यांचा: दोन महिने चार औषधं एकत्र, पुढे चार महिने तीन. आत्ता सोडलं तर डबलबेल दादांसारखं होऊ शकतं.

ताटाचं म्हणाल तर भांड्यांतून टीबी पसरत नाही. खोकल्यातून उडालेले अगदी बारीक कण बंद खोलीत तासन्‌तास हवेत राहतात, त्यातून पसरतो. सासूबाईंचं नेमकं उलटं झालंय. ताट एकत्र करा आणि खिडकी उघडा. मद्रासला १९५६ पासून याचा अभ्यास झाला होता, काही रुग्ण सॅनिटोरियममध्ये, काही आपापल्या घरी. घरी गोळ्या घेणारेही तसेच बरे झाले आणि त्यांच्या घरच्यांना काही जास्त टीबी झाला नाही.

मुलीची गोळी चुकवू नका. तिच्या अंगात जंतू शिरून दबून बसलेला असू शकतो. पाच वर्षांखालच्या मुलांत तो लवकर उचल खातो, मेंदूपर्यंतही जातो. बीसीजीच्या लशीनं धोका कमी होतो, संपत नाही.

मिस्टर पाळीवरून येऊन उपाशीपोटी चहाबरोबर गोळ्या घेतात का? थोडं खाऊन घेऊ देत, आणि मळमळ दवाखान्यात सांगा. डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबेनात किंवा रंग नीट ओळखू येईनात, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरकडे. लघवी केशरी होते ती रिफॅम्पिसिननं, ते रक्त नव्हे. आणि निक्षयवर, म्हणजे सरकारच्या टीबी नोंदणीत, बँक खातं जोडलंय का बघा. आहारासाठीचे महिना ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झालेत. त्यात अंडी-शेंगदाणे तरी येतील.

आता मी विचारते. सासूबाईंचा तो मिश्रीचा खोकला किती दिवसांचा आहे?

कांडीवाली_इचल :
उशिरा लिहितेय, माफ करा. तुमच्या प्रश्नानं मी चरकलेच. आठवून बघितलं तर गणपतीच्या आधीपासून खोकतायत, म्हणजे यांच्याही आधी.

यांना डबलबेल दादांचं सगळं वाचून दाखवलं. कुकरशी आल्यावर म्हणाले, परत वाच. आज ४६ वा दिवस, चालू आहेत. भाकरीचा तुकडा खाऊन घेतात, मळमळ बरीच कमी आहे. खिडकीची कडी गंजली होती, खोबरेल सोडून उघडली. आता मागांचा खडखडाट थेट आत येतो आणि पोरगी झोपत नाही, पण असू दे.

सासूबाईंना खूप मिनतवाऱ्या करून नेलं. एक्स-रेत वरच्या अंगाला डाग आहे. थुंकीची डबी दिली, रिपोर्ट मंगळवारी. एक लिहायचं राहिलं, त्यांना शुगरही आहे. त्यानं काही फरक पडतो का?

पायपीट :
पडतो. शुगर असली की टीबी होण्याचा धोका वाढतो. शिवाय रिफॅम्पिसिननं शुगरच्या काही गोळ्यांचा जोर कमी होतो. मंगळवारी जाताना त्यांची शुगरची चिठ्ठी आणि चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत न्या. आणि मुलीला त्यांच्याजवळ झोपवत असाल, तर आजपासून नको.