सगळं सिस्टरनेच करायचं का? वॉर्डातली कामं वाटून देण्यावरून चर्चा

निशाचर_सिस्टर: स्पंजिंग, बेडपॅन, युरोबॅग (लघवीची पिशवी) रिकामी करून माप लिहिणं, बीपी-टेंपरेचर, पेशंटला चालवून आणणं हे सगळं सिस्टरनेच करायचं हा हट्ट मला अजिबात पटत नाही. पेशंट स्थिर असेल तर ही कामं शिकलेल्या असिस्टंटला द्या आणि सिस्टरचा वेळ तपासणी, औषधं, पेशंटला घरी गेल्यावर काय करायचं ते समजावणं यात जाऊ दे. जिथे डोकं लावून निर्णय घ्यायचाय ते सोडून बाकी बिनधास्त द्या.

कडू_काढा: बिनधास्त?? ताई, काम देता येतं, जबाबदारी नाही देता येत. काही झालं तर विचारणार तुम्हालाच की कुणाला दिलं आणि का दिलं. आणि स्पंजिंग म्हणजे नुसतं अंग पुसणं वाटतं का तुम्हाला? माकडहाडावर लाली आलीये, बोटाने दाबली तरी फिकी पडत नाही, म्हणजे बेडसोर सुरू झाला, हे पेशंटला कुशीवर वळवलं तरच दिसतं ना. स्ट्रोकच्या पेशंटला भरवणं पण कागदावर साधंच काम आहे, पण गिळता येतंय का ते न बघता भरवलं की घास श्वासनलिकेत आणि मग न्यूमोनिया.

निशाचर_सिस्टर: अहो मी "स्थिर" लिहिलंय, ते वाचलंच नाही तुम्ही. ऑपरेशननंतर पहिल्यांदा उठवायचं असेल तर मी स्वतः जाते, कारण उभं केलं की बीपी पडून चक्कर येऊ शकते. रक्त चढवताना पहिली 15 मिनिटं पण मीच थांबते, रिअ‍ॅक्शन यायची ती बऱ्याचदा तेव्हाच येते. पण तोच ऑपरेशनवाला दोन-तीन दिवसांनी नीट चालत असेल तर असिस्टंट नेईल की. अमेरिकेतल्या नर्सिंग संघटनांच्या 2019 च्या संयुक्त सूचनांमध्ये पण हेच आहे, योग्य काम, योग्य परिस्थिती, योग्य माणूस, नीट सूचना आणि देखरेख.

वॉर्डमामा: मी असिस्टंट आहे, आमच्याबद्दलच चाललंय म्हणून लिहितो. वरच्या पाचातलं "नीट सूचना" आमच्यापर्यंत पोचतच नाही. आम्हाला काय सांगतात, "मामा, चार नंबरकडे लक्ष ठेवा." आता कशावर लक्ष? तोंडाकडे बघत बसू का? लघवी मोजायला सांगतात पण किती कमी झाली की पळत यायचं ते कोणी सांगत नाही. एकच सिस्टर होत्या, त्या म्हणायच्या दर तासाला माप लिहा, 30 एमएलच्या खाली आलं तर तेव्हाच मला सांगा, शिफ्ट संपायची वाट बघू नका, शुगर 70 च्या खाली गेली तरी तसंच. असं सांगितलं तर काम करायला बरं वाटतं. बाकीच्यांना जाऊन सांगितलं तर "बरं बरं" करून निघून जातात, मग आपण पण हळूहळू सांगायचं बंद करतो.

कडू_काढा: मामा, हे तर माझ्याच बाजूचं बोललात. एवढं बारीक सांगायचं, परत जाऊन बघायचं, चार्ट तपासायचा, मग वेळ वाचला कुठे? त्यात चार्ट बघा, अख्ख्या वॉर्डाचे श्वास मिनिटाला 20, न मोजताच लिहिलेले! म्हणून मी स्वतः पूर्ण मिनिट मोजते.

इनचार्जबाई: ते 20 सिस्टरा पण लिहितात हो, उगाच असिस्टंटवर ढकलू नका. माझी भीती वेगळीच आहे. मॅनेजमेंटला असिस्टंट जमतायत असं दिसलं की पुढच्या वेळी नर्सच्याच जागा कमी करतात, मग देखरेख कोण करणार, भिंती? आणि जे काम येत नाही त्याला असिस्टंटने सरळ "नाही" म्हणावं, त्यात कमीपणा नाही.

वॉर्डमामा: नाही म्हटलं की कामचुकार ठरवतात बाई, तेवढं आधी थांबवा. आणि हँडओव्हरच्या वेळी, म्हणजे शिफ्ट बदलताना पेशंटची माहिती देतात तेव्हा, आम्हाला पण उभं करा. कुणाचं तोंडाने खाणंपिणं बंद आहे हे आम्हाला पाण्याचा ग्लास हातात घेतल्यावर नातेवाईकांकडून कळतं.