युरोपची राज्यघटना : लोक 'नाही' म्हणाले, पुढे?

डब्लिनचा सातारकर
परवाच्या धाग्यात एका विद्वानांनी ठोकून दिलंय, "राष्ट्रांपलीकडची लोकशाही बघायची तर युरोपीय संघ बघा." बघतोय की, इथंच राहतो! २००५ च्या मे अखेरीस फ्रान्समध्ये जवळजवळ ५५ टक्के लोकांनी युरोपीय राज्यघटना फेटाळली, तीन दिवसांनी नेदरलँड्समध्ये साडेएकसष्ट टक्क्यांनी. मग 'राज्यघटना' हे नाव आणि झेंडाबिंडा काढून बराचसा माल लिस्बन नावाच्या नव्या करारात भरला, आणि या दोन्ही देशांत जनतेला न विचारता संसदेत उरकलं. आम्हा आयरिश लोकांना विचारावंच लागलं, कारण क्रॉटी नावाचा माणूस पूर्वी कोर्टात गेला होता आणि असे मोठे युरोपीय करार सार्वमताशिवाय करता येत नाहीत, असा निकाल मिळवला होता. २००८ ला आम्ही 'नाही' म्हटलं, तर २००९ ला पुन्हा मतदान! होकार येईपर्यंत विचारत राहायचं?

तळटीप
मधलं सोयीस्कर गाळलंत. करआकारणी, गर्भपात, तटस्थता यांवर हमी मिळाली, युरोपीय आयोगात, म्हणजे संघाच्या कार्यकारी मंडळात, प्रत्येक देशाचा आयुक्त कायम राहिला, मग ६७ टक्के 'हो' आले. आणि आपल्या भारताच्या घटनेवर सार्वमत कधी झालं हो? घटना समिती निवडली प्रांतिक विधिमंडळांनी, तीही मर्यादित मताधिकारावरची. मग ती बेकायदा का?

डब्लिनचा सातारकर
१९५१-५२ ला प्रत्येक प्रौढाला मत मिळालं. सरकार पाडता येतं. ब्रुसेल्सचा आयोग पाडून दाखवा.

तळटीप
१९९९. आयोगाचे अध्यक्ष सांतेर. युरोपीय संसद अविश्वास आणणार दिसताच अख्ख्या आयोगाचा राजीनामा.

कुकीग्रस्त
मला फक्त युरोपच्या नियमांपायी दर संकेतस्थळावर 'कुकीज मान्य?' विचारणं बंद करून हवंय. त्यावर घ्या सार्वमत.

म्हापशेकर
सार्वमताचं आम्हा गोवेकरांना विचारा. १६ जानेवारी १९६७, फूल (महाराष्ट्रात विलीन) की दोन पानं (वेगळा गोवा), ३४,०२१ मतांनी विलीनीकरण आपटलं. विषय संपला.

फूलवाल्याचा नातू
संपला? आमच्या घरात सख्खे भाऊ त्यावरून बोलायचे बंद झाले ते मरेपर्यंत. आणि घटकराज्य हा पर्याय मतपत्रिकेवर होता कुठे? १९८७ पर्यंत थांबलात ना!

म्हापशेकर
थांबलो, पण जिल्हा नाही झालो. हरलेल्यांनी साठ वर्षं रडू नये.

फूलवाल्याचा नातू
रडतोय कोण? मुंबईतल्या गोंयकारांना मत नाकारलं होतं, ते तुमच्याच बाजूचे. तरी जिंकलात, एवढं कबूल. पण 'जनता' म्हणजे कोण, हे मतदानाआधीच कुणीतरी ठरवून टाकतं.

तळटीप
हाच तर मुद्दा! २००५ ला मी नेदरलँड्समध्ये कर भरत होतो. पासपोर्ट भारतीय, म्हणून मत नाही. युरोपची जनता कुणी आधी मोजून ठेवलीय? सातारकर, फ्रेंचांनी नाही म्हटलं, स्पेनने त्याच मसुद्याला हो म्हटलं होतं. कुणाचं धरायचं?

डब्लिनचा सातारकर
स्पेनमध्ये निम्मे लोकही मतदानाला आले नव्हते, ते सांगा की. सांतेरचं मात्र मान्य. पंचवीस वर्षांत एकदा, डोळे दिपले.

म्हापशेकर
'मुंबईतले सगळे आमच्या बाजूचे' कुणी सांगितलं? नवा धागा काढतोय, तिथं या.