व्हान्सचा विजय एवढा पक्का नाहीये

वर कुणीतरी म्हटलंय की २०२८ ला अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष म्हणजे उपराष्ट्राध्यक्ष व्हान्सच, आणि परराष्ट्र धोरणावर तिकडे कोण मत देतं. पहिलं अर्धं मान्य, म्हणजे रिपब्लिकन पक्षाच्या नॉमिनेशनपुरतं. पण पदावर असलेला उपराष्ट्राध्यक्ष निवडणूक जिंकून थेट राष्ट्राध्यक्ष झाला असं शेवटचं १९८८ ला, थोरले बुश, आणि त्यांच्या आधी थेट १८३६ ला व्हॅन ब्युरेन!! बाकी निक्सन, हम्फ्री, गोर, हॅरिस सगळे आपटले. कारण साधं आहे, साहेबांची पापं अंगावर येतात आणि साहेबांवर टीका करायची सोय नाही. १९६८ ला हम्फ्रीचं तर व्हिएतनाम युद्धामुळेच वाटोळं झालं, सप्टेंबर संपता संपता सॉल्ट लेक सिटीत बॉम्बिंग थांबवायची भाषा केली तेव्हा कुठे गाडी रुळावर यायला लागली, पण तोवर उशीर झालेला, एक टक्क्याहून कमी फरकाने गेला बिचारा. २०२४ ला हॅरिसबाईंना बायडेनपेक्षा वेगळं काय केलं असतं विचारलं तर टीव्हीवर काही सुचेना. टॅरिफचं ओझं व्हान्सवर तसंच येणार, ते तर थेट किराणा बिलात दिसतं.

त्याच पक्षातला रुबिओ मला जास्त इंटरेस्टिंग वाटतो. परराष्ट्रमंत्री आणि वर राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार, सत्तरच्या दशकातल्या किसिंजरनंतर ही दोन्ही पदं एकाच वेळी यालाच मिळाली. तो व्हान्सला पाठिंबा देईन म्हणतो, ठीक आहे, राजकारणात म्हणायला काय जातं.

आणि परराष्ट्र धोरणाचं म्हणाल तर समोरच्या डेमोक्रॅट पक्षाचा, कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर न्यूसम तर २०२५ ला ब्राझीलच्या हवामान परिषदेत जाऊन मिरवून आला, वॉशिंग्टनने तिथे कुणी बडा माणूस पाठवलाच नव्हता ना.